नळीचं दुसरं टोक

“फोडू का ठेवू? एवढंच सांगा, बाबा. मग मी जातो.”

मी तिसऱ्यांदा विचारलं. पाटबाबांनी तिसऱ्यांदाही वर पाहिलं नाही.

ते झोपडीपुढच्या कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी देत होते. बोटानं मातीत रेघ ओढायची, पाणी त्या रेघेतून पुढं येऊ द्यायचं, मग पुढची रेघ. एवढंच चाललं होतं.

माझ्या हातात रोहिदासचा फोन होता आणि खांद्यावर त्याची नळी. फोन बंधाऱ्याच्या दगडावर फोडायचा आणि नळी पाण्यात सोडून द्यायची, असं ठरवून मी वस्तीवरून खाली आलो होतो. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

रोहिदास माझा थोरला भाऊ. कड्यावरून पडून तो गेला, त्याला त्या दिवशी चौदा दिवस झाले होते. पडला तेव्हा फोन त्याच्या खिशात होता. फोनला ओरखडासुद्धा नाही.

माय तो फोन रोज चार्जिंगला लावते. कुणी फोन करेल म्हणून नाही. विझू नये म्हणून.

पाटबाबा म्हणजे आमच्या गावचे जुने पाटकरी. चाळीस वर्षं त्यांनी बंधाऱ्याचं पाणी पाटातून शेताशेताला वाटून दिलं. बायको गेल्यावर घर पुतण्याला दिलं आणि बंधाऱ्याशेजारी झोपडी बांधून राहिले. दाढी वाढली, बोलणं कमी झालं, तसे लोक त्यांच्या पायाशी येऊन बसायला लागले. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं.

निकुंभ गुरुजी तर रोजच येतात. रिटायर झालेत. बाबा काही बोलले की वहीत लिहून घेतात, आणि वाक्य चांगलं असलं की शाळेच्या भिंतीवर रंगवतात.

भिंतीवर बाबांची बारा वाक्यं आहेत. बारावं माझ्या भावाला उद्देशून आहे.

“खेळातल्या पाण्यानं घडा भरत नाही.”

गेल्या चैत्रात रोहिदास फोन घेऊन बाबांकडे आला होता. मी बाहेर चपलांपाशी उभा होतो. तो म्हणाला, बाबा, मी आपली सगळी टेकडी या खेळात बांधलीय, बघा तरी, आणि पाण्याचं एक विचारायचं होतं. बाबांनी फोनकडे पाहिलं नाही. ते वाक्य बोलले. बसलेले सगळे हसले. गुरुजींनी लिहून घेतलं.

रोहिदासही हसला. फोन खिशात घातला. वर चढताना अर्ध्या वाटेत म्हणाला, “म्हातारा बरोबर बोलला, भुऱ्या. पण मी घड्याचं विचारलंच नव्हतं.”

दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट बघत बसलो होतो. तेव्हा कुणीतरी तेच वाक्य बोललं. दुसऱ्यानं मान हलवली. मग आमच्या वडिलांनी, आबांनीही हलवली.

आबांनी मान हलवली, ते मला सहन झालं नाही.

“राग कुणावर आहे?” पाटबाबांनी विचारलं. नजर पाण्यावरच.

“फोनवर.”

“अजून?”

“तुमच्यावर.”

गुरुजी म्हणाले की पोरा, तुझं दुःख समजतं, पण कुणापुढं बसलायस ते बघ. खेळानं आजवर कुणाचं भलं झालंय का, हेही त्यांनी विचारलं. माझ्या वर्गात होतास तेव्हाही तू असाच होतास, म्हणाले. ते खरं होतं. मी सातवीत शाळा सोडली ती त्यांच्याच वर्गातून.

बाबांनी ओला हात वर केला. गुरुजी थांबले.

“अजून कुणावर?”

मी खांद्यावरची नळी सारखी केली.

बाबांनी धोतराला हात पुसले.

“दाखव.”

“काय?”

“तो दाखवायला आला होता ते.”

मी फोन सुरू केला. खेळ उघडला.

ठोकळ्यांचा खेळ आहे. ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा आणि पाहिजे ते बांधायचं. पोरं किल्ले बांधतात. रोहिदासनं आमची वस्ती बांधली होती. एकेचाळीस घरं. सिंधूकाकूचं पत्र्याचं छप्पर, मारुतीचा पार, सहा वर्षांपूर्वी बांधलेली पाण्याची टाकी, जिच्यात एकदाही पाणी आलं नाही आणि पारवे राहतात. आमच्या घरापुढं दोन ठोकळे ठेवले होते. ते कोण, असं मी विचारलं होतं. म्हणाला, एक तू आणि एक बकरी, कोण कोणतं ते तूच ओळख.

दोन वर्षांपूर्वी माय बंधाऱ्यावरून हंडा घेऊन चढताना पडली. तिचा डावा हात अजून सरळ होत नाही. हंडा आता उजव्या बाजूला असतो, एवढाच फरक. त्या पावसाळ्यानंतर रोहिदासनं हे बांधायला घेतलं. वरच्या अंगाचं पाणी पाटानं वस्तीवर आणता येईल का, ते त्याला बघायचं होतं.

तो गवंड्याच्या हाताखाली कामाला होता. भिंतीची पातळी बघायची आरपार दिसणारी नळी त्यानं मागून आणली होती. नळीत पाणी भरायचं. दोन माणसांनी दोन टोकं धरायची. मध्ये कितीही खड्डा असो, दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीला थांबतं. त्यावरून कोणती जागा किती वर, किती खाली, ते कळतं.

एक टोक त्याच्याकडे, दुसरं माझ्याकडे. माझं काम काठीला टोक लावून उभं राहायचं. हलायचं नाही. लांबून तो ओरडायचा, “भुऱ्या, जिवंत आहेस का?” मी ओरडायचो, “नाही.” मग तो मोजायचा आणि फोनात ठोकळे ठेवायचा. एक ठोकळा म्हणजे दोन हात.

दीड वर्ष आमचे सगळे रविवार असे गेले.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. इतकं बोलायचं माझ्या मनात नव्हतं.

बाबांनी फोन लांब धरला, जवळ धरला. टेकडीवर त्यांचं बोट हळूहळू फिरलं. कड्यातल्या झऱ्यापासून वस्तीपर्यंत निळी रेघ उतरत होती.

“याला पायऱ्या कशाला?”

“खेळातलं पाणी सपाटीवर सात ठोकळे चालतं. मग थांबतं. एक पायरी खाली दिली की परत सात चालतं.”

“थकतं?”

“खेळात थकतं.”

“वस्तीपर्यंत किती ठोकळे?”

“पाचशे. म्हणजे सत्तरेक पायऱ्या. तेवढ्या उंचीवर पाणी फक्त कड्यातच आहे.” माझा आवाज बदलला. “म्हणून तो कड्यावर चढला.”

बाबा फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि वाफ्याकडे हात केला. त्यांच्या बोटाच्या रेघेतलं पाणी वाफ्याच्या पार टोकाला पोचलं होतं.

“यात पायरी दिसते?”

“नाही.”

“चाललंय का?”

“चाललंय.”

“शंभर हात पाटाला एक वीत उतार,” बाबा म्हणाले. “चाळीस वर्षं तेवढाच दिला. पाणी कधी थकलं नाही.”

माझं गणित कच्चं आहे. मी बोटांवर मोजलं. पाचशे ठोकळे म्हणजे हजार हात. हजार हाताला दहा विती. दहा विती म्हणजे पाच हात. पाच हात म्हणजे अडीच ठोकळे.

सत्तर नाही. अडीच.

“मग तेवढ्या उंच कड्यावर जायची गरजच नव्हती,” मी म्हणालो.

बाबा वाफ्याकडेच बघत होते.

“बाबा, गरजच नव्हती.”

“होती,” बाबा म्हणाले. पण ते स्वतःलाच सांगितल्यासारखं. वस्तीच्या वर दुसरं पाणी नाही. उंबराच्या मुळात बारमाही झरा आहे, पण उंबर वस्तीच्या खाली. त्यांचे वडील तसंच सांगायचे, वडिलांचे वडीलही. नाहीतर हे काम केव्हाच झालं असतं.

“उंबर खाली नाही,” मी म्हणालो.

गुरुजी हसले. म्हणाले, शेंबड्या पोरालाही माहीत आहे की उंबराकडे जाताना उतरावं लागतं.

ते खोटं नव्हतं. वस्तीवरून निघालं की आधी टेकाड लागतं आणि मग उतार लागून उंबर येतो. उतार एकदम आहे, गुडघ्यांना कळतो. आधीचा चढ मात्र लांबवर पसरलाय, बोलत बोलत चढून जातो आपण. म्हणून सगळं गाव उंबराला खालचा समजतं.

पण उंबराखाली नळी धरून मी एक अख्खी दुपार उभा होतो. तिथं तांबड्या मुंग्या आहेत. पाय सुजले होते. रोहिदास हलू देत नव्हता. मला ती दुपार कुणी शिकवायला नको.

मी फोन घेतला. आमच्या घरापासून निघालो आणि एकेका ठोकळ्यावर बोट ठेवत मोठ्यानं मोजलं. चढ सात. उतार तीन.

“परत मोज,” बाबा म्हणाले.

सात. तीन.

“म्हणजे उंबर चार ठोकळे वर,” मी म्हणालो.

“चार.”

“तिथूनही वस्तीपर्यंत ठोकळे पाचशेच. लागतात अडीच.”

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं.

फोनात उंबरापाशी निळा तुकडा होता, छोटासा. तिथूनही रोहिदासनं पाट काढून पाहिला होता. चार पायऱ्या उतरून तो पाट टेकाडाच्या पायथ्याशी थांबला होता. पाणी पुढं जायला तयार नव्हतं. त्याच्यापुढं त्यानं लाकडी फळी रोवलेली. खेळात तसं करता येतं, फळीवर लिहिताही येतं. फळीवर एकच शब्द होता. बाबा.

बाबांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.

फळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “चैत्रात आला होता… त्याला काय विचारायचं होतं?”

“खरं पाणी किती हातांवर थकतं. एवढंच.”

बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं. त्याचा आवाज आधीपासून चालू होता. मला तो तेव्हा ऐकू आला.

मग माझं डोकं फिरलं. सात ठोकळे. कुणी ठरवलं होतं सात? आम्हाला न बघितलेल्या कुठल्या तरी माणसानं पोरांच्या खेळासाठी ठरवलं, पाणी सातावर थांबेल. आणि माझा भाऊ त्या सातासाठी कड्यावर चढला. मी उठलो. बंधाऱ्याचा धुण्याचा दगड चार पावलांवर होता. मी फोन डोक्याच्या वर नेला.

बाबा कधी उठले मला दिसलं नाही. त्यांनी दगडावर आपला पंजा पालथा ठेवला.

“मार.”

“हात काढा, बाबा.”

“मार ना.”

“त्यानं खोटं सांगितलं माझ्या भावाला!”

“त्याला खोटं माहीत होतं, ते त्यानं सांगितलं,” बाबा म्हणाले. “मला खरं माहीत होतं.”

…

माझा हात वरच राहिला. बाबांचा पंजा दगडावर. शिरा निळ्या, बोटांना चिखल. गुरुजी उभे राहिले होते, पण जवळ आले नाहीत.

मी हात खाली घेतला.

खाली बसलो. आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, मायलासुद्धा नाही, ते बोललो.

“त्या दिवशी मी गेलो नाही.”

खालच्या गावात टेनिस बॉलची मॅच होती. रोहिदासनं मला दोनदा हाक मारली. दुसऱ्या वेळी मी म्हणालो, तुझा खेळ तू खेळ, माझा मी खेळतो.  तो एकटाच नळी घेऊन गेला. माझं टोक त्यानं रुमालानं घाणेरीच्या झुडपाला बांधलं. झुडूप ओरडून उत्तर देत नाही. पाणी पातळीला आलं का, ते बघायला त्याला प्रत्येक वेळी कड्यावरून खाली यावं लागलं आणि परत वर जावं लागलं. किती वेळा, कोण जाणे. शोधायला गेलेल्यांना नळी तशीच मिळाली. रुमालाची गाठ पक्की होती.

मॅच आम्ही जिंकलो होतो.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. तुझी चूक नाही असंही म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर मी उठून गेलो असतो. ते शेजारी बसले, मातीत, जिथं लोक त्यांच्यासमोर बसतात तिथं.

 वाफा भरून पाणी बाहेर यायला लागलं. बाबांनी पायाच्या अंगठ्यानं तोंडाशी माती सारली. पाणी थांबलं.

“गुरुजी.”

“जी, बाबा.” गुरुजींनी सवयीनं वही उघडली.

“चुना आहे शाळेत?”

“असेल.”

“बारावं पुसा.”

गुरुजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. हळूच विचारलं, की त्या जागी काय लिहू?

 बाबा झोपडीत गेले. येताना त्यांच्या हातात कुदळ होती. दांडा हाताच्या घामानं काळा पडलेला. धोतर वर खोचलं आणि वस्तीच्या वाटेला लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. दहा पावलं टाकायचे, थांबायचे, परत दहा.

“कुठं, बाबा?”

“उंबर.”

मी नळी बंधाऱ्यात बुडवून भरून घेतली. दोन्ही टोकांवर अंगठे दाबले. बुडवून सोडायला आणली होती, तीच.

टेकाड चढताना बाबा एकदा थांबले. मागं वळून वस्तीकडे पाहिलं, पुढं पाहिलं. पावलं मोजत होते बहुतेक. ओठ हलत होते. चढ संपला तेव्हा त्यांना दम लागला होता. त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि मला वाटलं, हसले.

“आयुष्यभर इथं गप्पा मारत आलो,” म्हणाले. “म्हणून कळला नाही.”

उंबराखाली पोचलो. पाणी मुळातून येत होतं, बोटाएवढं, आवाज न करता. आतापर्यंत सगळे इथं हातपाय धुऊन पुढं जायचे.

मी सवयीनं माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. काठीला टोक लावलं. मुंग्या होत्याच.

मग लक्षात आलं की समोर घेऊन जायला कुणी नाही. दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

बाबा आले. कुदळ खोडाला टेकवली. माझ्या हातून काठी घेतली, टोक घेतलं, त्यावर आपला अंगठा ठेवला. मला खांद्यानं बाजूला सारलं आणि माझ्या जागेवर उभे राहिले.

“हे टोक मी धरतो,” म्हणाले. “तू रोहिदासचं धर.”

मी नळी उलगडत गेलो. टेकाडाला वळसा घालून, जिथं फोनातलं पाणी थांबलं होतं तिथपर्यंत. तिथं दगड आहे, त्यावर रोहिदास बसायचा. मी बसलो नाही. टोक काठीला लावलं. अंगठा काढला. नळीत पाणी वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. हलत राहिलं.

उंबराखाली बाबा दिसत होते. मुंग्या त्यांच्या पायावर चढत असणार. ते हलले नाहीत.

पाणी थांबलं.

आता मी ओरडायचं होतं.  मी फोन घट्ट धरून उभा होतो आणि टेकडी सगळी पाण्यातून बघितल्यासारखी दिसत होती.



मग उंबराकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. जुन्या पाटकऱ्याचा आवाज, शेतापलीकडच्या माणसाला पाणी सोडल्याचं सांगायचा तसा.

“विचार की रे, जिवंत आहे का म्हणून.”